अंगणाला फरशी घालण्याआधी एक गुंठा परस राखा

भिवंडी तालुक्यात आज कुठल्याही दिशेने निघा. माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यात भाताचे खाचर शोधावे लागते. मुंबई-नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामांचे पत्रे उन्हात चमकतात. पडघा, लोनाड या बाजूला अजून हिरवे दिसते, पण तिथेही वारे फिरले आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि आपल्या तालुक्यातले आमणे गाव साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाले. कोणी जमीन विकली, कोणी गोदामाला भाड्याने दिली, कोणी अजून राखून आहे. तो ज्याचा त्याचा प्रश्न. आज बोलायचे आहे ते शेताबद्दल नाही, घराबद्दल.

शेत गेले तरी घर राहते आणि घराभोवतीचे आवार राहते. हातात चार पैसे आले की पहिल्यांदा कौले उतरतात, स्लॅब पडतो. मग घराभोवती पेव्हर ब्लॉक येतात. चिखल नको, गाडी नीट उभी राहावी, लग्नकार्याला मांडव घालता यावा, म्हणणे खोटे नाही. पण त्या ब्लॉकखाली म्हातारीचा अळू जातो, हळदीचा वाफा जातो, काकडीचा मांडव जातो. आणि मग ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या पिकवून खाल्ले, त्या घरातली सून कोथिंबिरीच्या जुडीसाठी नाक्यावर उभी राहते. बघा पटते का. फरशी घाला, पण पुढच्या अंगणात घाला. मागचा एक गुंठा मातीचा राहू द्या.

एका गुंठ्यात काय होते?

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, १०८९ चौरस फूट जागा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराविषयी ज्या सूचना दिल्या, त्यात मोठ्या माणसाने रोज ४०० ग्रॅम भाजी खावी असे म्हटले आहे. पाच माणसांचे घर धरले तर रोजची दोन किलो, महिन्याची साठ किलो भाजी झाली. एवढी सगळी एका गुंठ्यात निघेल असे सांगून आम्ही तुमची फसवणूक करणार नाही. पण पालेभाजी, मिरची, कोथिंबीर, कढीपत्ता, लिंबू, शेवगा आणि पावसाळ्यातल्या वेलभाज्या यांसाठी पिशवी घेऊन फारसे बाहेर पडावे लागू नये, इतके नक्की होते. शिवाय काय फवारले, कोणत्या पाण्यावर वाढवले, हे तुम्हाला ठाऊक असते. विकतच्या भाजीचे ते सांगता येत नाही.

मांडणी अशी करावी. शेवगा, केळी, पपई, लिंबू अशी उंच झाडे उत्तरेच्या कडेला घ्यावीत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, सावली उत्तरेकडे पडते, म्हणून वाफ्यांवर ऊन राहते. मोरीचे पाणी जिथे निघते तिथे केळीची जागा. सावलीच्या कोपऱ्यात हळद, आले आणि खताचा खड्डा. बाकी जागेत तीन फूट रुंदीचे वाफे पाडावेत, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो, वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. कडेला काट्याकुट्यांची वई किंवा जाळी हवीच. शेजाऱ्याची शेळी आणि आपल्याच कोंबड्या, या दोघींनी जेवढ्या परसबागा बुडवल्या तेवढ्या रोगाने बुडवल्या नसतील.

रोहिणी ते हस्त : पावसाचा हंगाम

आपल्याकडे पावसाची सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास आहे आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. घाटावरची पद्धत इथे चालत नाही. सपाट वाफा केला की पंधरा दिवसांत मुळे कुजतात. म्हणून २५ मेच्या सुमारास रोहिणी लागली, शेतावर राब भाजून झाला, की परसात गादीवाफे करावेत. जमिनीपासून वीतभर उंच, मध्ये पाणी जायला सरी, आणि शेणखत चांगले कुजलेले. सुरण, हळद, आले याच सुमाराला लावून मोकळे व्हावे.

काकडी, शिराळे, पडवळ, दुधी, कारले यांचे बी मेअखेरीला पिशवीत टोकावे. दुधाच्या रिकाम्या पिशव्या चालतात, खाली भोके मात्र पाडा. ७-८ जूनला मृग लागून दोन चांगले पाऊस झाले की तयार रोप मांडवाखाली लावावे. थेट बी टाकून बसलात तर पहिल्या झोडीत ते वाहून जाते किंवा गोगलगायी कोवळे कोंब खातात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आपल्या हवेसाठी काढलेले कारल्याचे कोकण तारा, शिराळ्याचे कोकण हरिता असे वाण आहेत, तेही लावून बघावेत.

वईवर कोनफळ आणि करांदे चढवावेत. पहिल्या पावसात लावले की पुढे काही बघावे लागत नाही, वेल वाळला की हिवाळ्यात खणून काढायचे. कंटोळीही वईवर येते. तिच्यात नर आणि मादी वेल वेगळे असतात. दोन्ही असतील तरच फळ धरते. एकच वेल लावून ‘फुलते पण लागत नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात, त्यांची अडचण हीच.

आषाढ-श्रावणात तीन गोष्टींवर नजर ठेवावी. पहिली गोगलगाय. गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट संध्याकाळी वाफ्यांमध्ये टाकावे, सकाळी त्याखाली गोगलगायी जमलेल्या मिळतात. त्या मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. दुसरी फळमाशी. काकडी वाकडी होऊन आत अळी निघाली की समजावे. किडलेले फळ परसात फेकू नका, खोल पुरा. वेलभाज्यांसाठी क्यूल्युअर गोळीचा सापळा मिळतो. कोकण विद्यापीठाचा रक्षक सापळा त्यासाठी वापरता येतो. तिसरी गोष्ट म्हणजे फळ न धरणे. झडीच्या दिवसांत मधमाश्या फिरत नाहीत, भोपळ्याची मादी फुले गळून पडतात. अशा वेळी सकाळी नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाला लावावा. ज्या फुलाच्या मागे चिमुकले फळ दिसते ते मादी. हे काम घरातल्या पोराला एकदा दाखवा, तो आवडीने करील.

ऋषीच्या भाजीची परीक्षा

परस चांगला की नाही हे ठरवायला आपल्या बायकांनी पूर्वीच एक माप ठेवले आहे. भाद्रपदात गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी येते. त्या दिवशी उपवास करणारी बाई बैलाच्या कष्टाचे खात नाही. नांगरटीचे धान्य नको, माणसाच्या हाताने कुदळ मारून जे पिकले तेच चालते. म्हणून त्या भाजीत अळू, लाल माठ, भेंडी, शिराळे, पडवळ, लाल भोपळा, काकडी, सुरण, मक्याचे कणीस असे सगळे एकत्र पडते. म्हणजे ही भाजी परसातलीच.

हल्ली ऋषीच्या भाजीचे वाटे बाजारात बांधून मिळतात. शहरात राहणाऱ्याने घ्यावेत, त्याचा इलाज नाही. पण गावातल्या घरी, जिथे मागचे दार उघडले की माती आहे, तिथेही वाटा विकत येत असेल तर विचार करावा. येत्या ऋषिपंचमीला मोजून बघा, या भाजीतल्या किती वस्तू तुमच्या परसातल्या निघतात. पाच निघाल्या तर परस जिवंत आहे. एकही नाही निघाली तर तो मेला असे समजा, पण पुढच्या रोहिणीत पुन्हा उभा करता येईल.

गौरीच्या पानापासून नागपंचमीच्या पातोळ्यांना लागणाऱ्या हळदीच्या पानापर्यंत सगळे सण असे परसाशी बांधलेले आहेत. मुंबई-ठाण्याला दिलेली लेक गणपतीला येते आणि जाताना काकड्या, अळूची पाने, चार मिरच्या घेऊन जाते. त्या पिशवीचा भाव काढता येत नाही.

चित्रा-स्वातीनंतर : ओलीवरचा हंगाम

ऑक्टोबरात उन्हे तापतात, भात पिवळे पडते. खाचरात भात कापले की त्याच ओलीवर वाल, हरभरा पेरण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. नांगरट नाही, पाणी नाही, दवावर पीक येते. ज्यांचे खाचर राहिले आहे त्यांनी निदान घरच्या बिरड्यापुरता वाल सोडू नये. डाळीवर्गातले पीक असल्याने जमिनीलाही ते नत्र देते.

परसात या वेळी पावसाळी मांडव उतरवावा. वांगी, टोमॅटो, मिरची, कोबी, नवलकोल यांची रोपे सप्टेंबरात पडवीच्या आडोशाला तयार करून ठेवलेली असतील तर दिवाळीच्या आत लावणी होते. मुळा, मेथी, पालक, कोथिंबीर यांचे वाफे एकदम पेरू नका. दर दहा-बारा दिवसांनी एक-एक पेरा. नाहीतर एकाच आठवड्यात टोपलीभर मेथी होते आणि मग महिनाभर काही नाही. वालपापडी वईवर सोडावी, थंडीत ती भरभरून देते.

होळीनंतर : पाण्याची खरी कसोटी

खरी अडचण होळीनंतर आहे. आपल्या तालुक्यातून तानशाच्या मोठ्या जलवाहिन्या मुंबईला जातात. भातसाचे पाणी पिसे येथे उचलून पांजरापूरला शुद्ध करून पुढे पाठवले जाते. पाणी आपल्या डोळ्यांदेखत वाहते, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याच कित्येक पाड्यांवर हंडे रांगेत असतात. अशा वेळी परसाला पिण्याचे पाणी घाला, असे कोणत्या तोंडाने सांगायचे? सांगतही नाही. घातले पाहिजे ते सांडपाणी.

जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर हे माप धरले आहे. पाच माणसांचे २७५ लिटर झाले. त्यातले निम्मे जरी आंघोळ, धुणी, भांडी करून बाहेर आले तरी दिवसाचे सव्वाशे लिटरच्या वर पाणी गटारात जाते आणि तिथे डास वाढवते. हे पाणी आधी दगडगोटे, वाळू भरलेल्या छोट्या खड्ड्यातून काढावे. त्याच्या कडेला कर्दळ लावावी. मग ते केळी, पपई, नारळ, शेवगा यांच्या आळ्यांत सोडावे. साबणाचे पाणी पालेभाजीवर किंवा कच्च्या खायच्या भाजीवर घालू नये. संडासाचे पाणी तर कशालाच नाही. आणि ज्यांचे घर सायझिंग किंवा डाईंगच्या कारखान्याजवळ आहे, त्यांनी त्या नाल्याचे पाणी चुकूनही परसात घेऊ नये. चिंध्या-प्लास्टिक जाळलेली राखही खत म्हणून वापरू नये. चुलीतली लाकडाची राख चांगली.

उन्हाळ्यात गवार, भेंडी, चवळी, लाल माठ एवढ्यावर समाधान मानावे. वाफ्यांवर भाताचा पेंढा अंथरावा, ओल टिकते. पाणी सकाळी किंवा दिवस मावळल्यावर द्यावे.

बी कोणाकडे आहे?

भाजीचे बी पिशवीतून येऊ लागल्यापासून घरचे बी राखण्याची रीत मोडली. संकरित बियाण्याचे पीक जोरात येते हे खरे, पण त्याच्या फळातले बी पुन्हा पेरले तर पहिल्यासारखे येत नाही. दरवर्षी दुकान गाठावे लागते. गावठी काकडीचे, चवळीचे, वालाचे, अळूच्या कांद्याचे तसे नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी घेवडे, वाल, भाज्या, भात यांची गावठी बियाणी गोळा करून बियाणे बँक उभी केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी जे केले ते आपल्या आज्या गाडग्यात करीत होत्या. फरक इतकाच की राहीबाईंनी ते थांबू दिले नाही.

वेलावरचे मधल्या बहराचे, निरोगी, भरदार फळ बियाण्यासाठी राखावे. वेलावरच पूर्ण पिकू द्यावे. बी धुऊन, सावलीत सुकवून, कोरड्या राखेत घोळून बंद डब्यात ठेवावे. डब्यावर नाव आणि वर्ष लिहावे. ज्या घरात सत्तरी ओलांडलेली आजी आहे, त्या घराने हे काम उद्यावर टाकू नये. कोणते बी कधी लावायचे, अळूचा कोणता प्रकार घशाला खाजतो, कोणत्या पानाच्या वड्या होतात, हे तिच्या डोक्यात आहे आणि कुठल्या वहीत नाही. नातवाच्या हाती वही देऊन तिच्यासमोर बसवा. आजी सांगेल, तो लिहील.

काम कोणी करायचे?

इथे बहुतेक घरी गाडे अडते. घरधनी गोदामावर पाळीला, मुलगा कंपनीत, पोरे शाळेत. मग ‘परस बघ’ हे सुनेच्या डोक्यावर येते. स्वयंपाक, धुणी, गुरे आणि वर हेही. असे केले तर परस दोन वर्षांत बंद पडतो, आणि तिचा दोष नसतो. कामे वाटून घ्यावीत. खणणे, मांडव बांधणे, खत वाहणे ही जड कामे पुरुषांनी एका रविवारी उरकावीत. पाण्याची जबाबदारी मुलांकडे. रोजची तोडणी आणि बी राखणे सासूकडे. विकण्याइतकी भाजी झाली तर तो पैसा जिने राबून पिकवले तिच्या हाती राहावा. हे शेवटचे लिहिले आहे ते नीट वाचा.

एक महिना हिशेब ठेवून बघा. परसातून जे काही घरात येते ते एका वहीत लिहा आणि बाजारभावाने शेवटी बेरीज मारा. आकडा तुमचा तुम्हालाच कळेल, आम्ही सांगायला नको.

पावसाळ्यात परसात शिरताना पायात चप्पल आणि अंधारात हाती बॅटरी हवीच. फुरसे, घोणस, मण्यार आपल्याकडे आहेत. विटांचे, लाकडांचे ढीग घराला लागून ठेवू नयेत. साप चावलाच तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट सरकारी दवाखाना गाठावा, सर्पदंशाची लस तिथेच मिळते.

सरपंच आणि भाऊसाहेबांसाठी चार शब्द

ही गोष्ट एकट्या घराची नाही. गोदामासाठी खाचरात भराव पडतो तेव्हा जुना ओहळ बुजतो. पाणी मग गावठाणात शिरते आणि आठवडाभर परसात उभे राहते. गादीवाफा कितीही उंच केला तरी अशा पाण्यापुढे टिकत नाही. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना पाण्याची वाट अडवणे म्हणजे काय हे सांगायला नको. भराव टाकताना मोरी ठेवली की नाही, ओहळ मोकळा आहे की नाही, हे जागेवर जाऊन पाहावे, ग्रामसभेत विचारावे आणि पावसाआधी वरच्या कार्यालयात लेखी कळवावे.

दुसरे, सांडपाण्याचे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात ग्रामीण सांडपाण्याची व्यवस्था हा विषयच घेतला आहे. शोषखड्डा करताना त्याच्या कडेला केळी लावायला सांगा, खड्डा आणि फळ दोन्ही मिळतील. तिसरे, ‘उमेद’ने २०२० च्या पावसाळ्यात बचत गटांतून पोषण परसबागांची मोहीम राज्यभर राबवली होती. तुमच्या गावात त्या वेळी लावलेल्या किती बागा आज उभ्या आहेत ते एकदा फिरून मोजा. ज्या टिकल्या त्या का टिकल्या, हे त्या बायकांनाच विचारा. चौथे, शाळा आणि अंगणवाडीच्या आवारात ब्लॉक बसवण्याचा ठराव येईल तेव्हा निदान एक कोपरा मातीचा ठेवून तो मंजूर करा. तिथला माठ, शेवगा पोरांच्या ताटात जाईल.

येत्या रोहिणीपर्यंत करायचे एवढेच : जागा आखा, वई घाला, खड्ड्यात शेणखत कुजत ठेवा आणि शेजारपाजारी कोणाकडे कोणते गावठी बी आहे ते विचारून मूठभर मागून आणा. बी मागायला लाज नाही. पीक आल्यावर दोन मुठी परत द्यायच्या, ही आपल्याकडची रीतच आहे.